वच्छलाकाकूंची काळी गाडी

आमच्या यवतमाळात गाडीला नंबर असतो तो पोलिसांपुरता. बाकी गाव तिला मालकाच्या नावानं ओळखतं, आणि मालक बदलला तरी नाव बदलायची तसदी कुणी घेत नाही. त्यातून ती लांबलचक, काळीभोर, परदेशी निशाणी मिरवणारी आलिशान सेडान असली तर विचारूच नका. अशा गाड्या जिल्ह्यात मुळात मोजक्या. त्यातली एखादी विकायला निघाली की स्थळासारखी चर्चा होते. कुणाकडे होती, कशी नांदली, आणि एवढी गुणाची आहे तर घरातून काढता कशाला?

चर्चा सगळे करतात, घ्यायला कुणी पुढे होत नाही. पैसेवाल्यांना हल्ली उंच, जीपच्या घाटाची गाडी हवी असते. आमच्या गतिरोधकांवर सेडानचं पोट घासतं, आणि बिघडली तर नागपूरशिवाय तिला वाली नाही. अशा या बाजारात एका उन्हाळ्यात गिऱ्हाईक म्हणून उतरल्या त्या वच्छलाकाकू. साठीला टेकलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याखाली, नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि धंदा पोट्ट्यांना जेवू घालण्याचा.

काकूंच्या मेसमध्ये मी कॉलेजात असताना जेवायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा घर घेतलं तेही त्यांच्या शेजारी. बायकोला मी सांगितलं की बाजार जवळ पडतो. खरं कारण तिला पहिल्याच आठवड्यात फोडणीच्या वासावरून कळलं.

"अजून काय वाढू?" असं काकूंनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्या ताटासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काहून थांबला?" जणू भाकरी संपणं हा पोराचा काहीतरी गुन्हा. आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी एकदा खणखणीत टाळी वाजवायच्या. कणीक मळायच्या आधी टाळी, बँकेत शिरायच्या आधी टाळी. एकदा तर बँकेतल्या गुरख्यानं दचकून सलाम ठोकला होता.

पण काकूंचं खरं वैशिष्ट्य म्हणजे बसून पाहणं. बसल्याखेरीज त्या कशाबद्दलही मत देत नसत. मुलीला, म्हणजे आमच्या रेखाला, दारव्ह्याकडचं एक श्रीमंत स्थळ आलं होतं. घर बघायला काकू मला घेऊन गेल्या. दिवाणखाना चकाचक, सोफा नवा कोरा. काकू बसल्या, उठल्या, दुसऱ्या खुर्चीवर बसल्या, तिथूनही उठल्या, चहा घेतला आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "नाई जमत."

"का हो काकू? एवढं चांगलं घर!"

"अरे, सोफ्याचं प्लास्टिक काढलं नाई त्यायनं. बूड नुसतं चरचर वाजते. जे लोकं सोफ्याले हात लावू देत नाई ते पोरीले काय सुखानं बसू देईन?"

रेखा पुढे मारेगावला दिली. त्या घरात सोफाच नव्हता. सासूनं काकूंना ओसरीवरच्या बाजेवर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली. तिथल्या तिथे होकार.

आता दादाराव. काकूंचे यजमान, एसटीचे ड्रायव्हर. जिल्ह्यातला असा रस्ता नसेल ज्यावर दादांनी गाडी घातली नाही. राळेगाव म्हणू नका, उमरखेड म्हणू नका, रस्ता संपून पांदण सुरू झाली तरी दादांची बस शेवटच्या गावापर्यंत जाणारच. पण त्या नोकरीनं त्यांच्या कमरेचा पार भुगा केला. निवृत्तीनंतर एकदा त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तर परत येताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. घरात आल्यावर एवढंच म्हणाले, "माणसाले पोत्यावानी नेऊन राह्यले तुमी." त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. खिडकीशी ताठ पाठीची लाकडी खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरच्या एसट्या आवाजावरून ओळखत.

"उमरखेडची गेली. गिअरबॉक्स रडून राह्यला बिचारीचा."

रेखाला मुलगा झाला, तो मांडी घालून बसायला लागला, रांगायला लागला, तरी आजोबांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. नातू इकडे येऊन जायचा, पण दादा त्याला कडेवर घेऊन पुन्हा खिडकीतच. एक दिवस काकूंनी मेस आवरली, माझ्या अंगणात येऊन टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "अनिल, ज्या माणसानं अख्खा जिल्हा फिरवला, तो खिडकीत बसल्या बसल्या मरन, हे मी होऊ देनार नाई. मले एक गाडी पायजे. डुलली नाई पायजे, हादरली नाई पायजे. मोठे लोकं बसते तशी."

रेखानं फोनवर आकांत केला. "आई, मेसच्या साठवलेल्या पैशांत गावात फ्लॅट येईल गं!"

"फ्लॅट यवतमाळहून मारेगावले जाते का?" काकूंनी विचारलं आणि फोन ठेवला.

जिल्ह्यात तेव्हा तसल्या तीन गाड्या विकाऊ होत्या. काकूंची परीक्षेची पद्धत त्यांनीच काढलेली. मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायची जागा असते, तिथे ताकानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा, शेजारी स्वतः बसायचं आणि मालकाला सांगायचं, "चालवा आता, गतिरोधक पाहू पाहू."

पहिली गाडी एका ठेकेदाराची. पांढरी, आतून लाल, बसल्यावर लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटावं. ठेकेदाराचा मुलगा चालवत होता. पहिल्याच गतिरोधकावर पेल्यानं उडी मारली आणि ताक थेट मुलाच्या मानेवरून सदऱ्यात. काकूंनी पदरानं त्याची मान पुसली, वर म्हणाल्या, "तुह्या बापानंच बांधला ना हा रस्ता? मंग बरोबर हाये."

दुसरी उमरखेडला, एका माजी पुढाऱ्याची. हिच्यात मात्र ताक हललं नाही. काकू खूश. तेवढ्यात बाजारपेठेतून जाताना एक म्हातारा आडवा झाला आणि खिडकीतून नळाचा अर्ज आत सारू लागला. पुढच्या चौकात गाडी दिसताच दोन माणसं दुकानात शिरली ती बाहेर आलीच नाहीत. तिसऱ्या चौकात कुणीतरी काचेवर असं काही बोललं की ते मी इथे लिहू शकत नाही. काकूंनी पेला उचलला, ताक स्वतःच पिऊन टाकलं आणि म्हणाल्या, "चाल रे अनिल. हे गाडी घेतली तर मले इलेक्शनले उभं राहा लागन."

तिसरी गाडी डॉक्टर पिंपळकरांची. बायकांचे डॉक्टर, जिल्हाभर नाव. दर महिन्याला मारेगावकडे फेरी असायची, आणि त्यांची काळी गाडी दिसली की बाया पोरांना सांगायच्या, "पाह्य, तुले हातात घेतलं होतं ते डॉक्टर चालले." आता ते वयामुळे काम थांबवून मुलाकडे पुण्याला निघाले होते. गाडी स्वतःच चालवायचे. काकूंचा पेला घेऊन त्यांनी आम्हांला सगळं गाव फिरवलं, रेल्वेच्या जुन्या फाटकावरूनही नेलं. ताकावर नुसती एक सुरकुती आली.

डॉक्टरांनी गाडी थांबवली. "काकू, आता जरा इकडे पुढे बसून पाहा. या सीटला..."

"पुढं डायवर बसते, डॉक्टरसाहेब. डायवरचं मले काय सांगता, मी एक घरातच ठेवला हाये!"

डॉक्टर इतके हसले की सांगायचं होतं ते राहूनच गेलं. सौदा मागच्या सीटवरच झाला. मला त्यांनी खाली उतरवलं होतं, त्यामुळे आकडा ठाऊक नाही. पण उतरताना दोघांचेही चेहरे सारखेच पडलेले होते, म्हणजे व्यवहार चोख झाला असणार. आमचे मेकॅनिक मुश्ताकभाई यांना दाखवायला नेली, तर त्यांनी बोनेट उघडून आत पाहिलं आणि अदबीनं परत लावलं. म्हणाले, "काकू, इसमें तो सब परदे में है. चल रही है ना? दुआ करो, चलती रहे."

मग प्रश्न आला, चालवणार कोण? दादांना कुठलाच ड्रायव्हर पसंत पडेना. एक जण क्लचवर पाय ठेवला नाही म्हणून नापास झाला. गाडीला क्लचच नाही, हे सांगितल्यावर दादा म्हणाले, "मंग त्याले शोधता तर आला पायजे होता." शेवटी काकूंनी टाळी वाजवली आणि स्वतः शिकल्या. वयाच्या त्या टप्प्यावर, पोट्ट्यापोट्टींच्या रांगेत उभ्या राहून, रीतसर लायसन घेतलं. बोनेटच्या वरून दिसत नाही म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जुनी वाकळ चौघडी करून अंथरली, तिच्यावर उशी, आणि उशीवर काकू. रस्त्यानं जाताना लांबून गाडी रिकामी धावतेय असं वाटे. कोंबडी दिसली तरी हॉर्न द्यायच्या, आणि कोंबडी बाजूला झाल्यावर तिचे आभार मानायच्या.

पहिल्या फेरीला दादांना मी आणि काकूंनी धरून मागे बसवलं. सगळी गल्ली बाहेर आली होती. दादांनी काचेवर दोनदा टकटक केली, कंडक्टरच्या डबल बेलसारखी, तेव्हाच काकूंनी गाडी हलवली. गावाला एक वळसा झाला. उतरताना दादा म्हणाले, "ठीक हाये. मस्त हाये." आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

ती सीट राजाला शोभेल अशी होती, पण माणूस तिच्यात रुतत जायचा. कंबर आत, गुडघे वर. ताकाच्या पेल्याला कंबर नसते, ही गोष्ट आम्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. दादा दर वेळी "मस्त हाये" म्हणायचे आणि भिंत धरून आत जायचे. काकूंना मी आयुष्यात गप्प पाहिलं ते तेव्हा. मेसमध्ये पोरांच्या ताटासमोर उभ्या राहायच्या, पण "काहून थांबला?" तोंडातून निघायचं नाही. एका दुपारी गाडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "म्या त्यायच्यासाठी महागाची खिडकी आनली रे, अनिल. चाकावरची."

पण नातवाचं जावळ ठरलं, आणि दादांनी सांगून टाकलं, "मारेगावले जायाचं. काहीबी होवो." काकूंनीही मनाशी ठरवलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढं जावळ झालं की इकून टाकतो. नागपूरचा मानूस येऊन पाहून गेला." सोबतीला मी होतोच, काकूंच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन.

करंजीच्या पुढे गेलो. दोन्हीकडे पऱ्हाटीची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागे दादा डोळे मिटून, दात आवळून बसलेले. आरशात काकूंना ते दिसत होतं आणि त्यामुळे गाडी बैलगाडीच्या वेगानं चाललेली. तेवढ्यात समोर एका पळसाखाली मोटरसायकल आडवी पडलेली दिसली, आणि एक तरणा माणूस दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध धावत आला.

"डॉक्टरसाहेब आले! अव, डॉक्टरसाहेब आले, उठ!"

झाडाखाली त्याची बायको, दिवस भरलेली, पोट धरून विव्हळत होती. त्यानं खिडकीतून आत डोकावून पाहिलं, वाकळीवर बसलेल्या काकू दिसल्या आणि त्याचं तोंडच उतरलं.

"डॉक्टर नाई बावा, मेसवाली हाये मी," काकू तोवर खाली उतरल्याही होत्या. "गाडी तेवढी त्यायची होती. कवापासून दुखून राह्यलं? कितवी खेप?"

"पयलीच हाये, काकू. मोटरसायकल बंद पडली. १०८ ले फोन केला, येतो म्हनते..."

काकूंनी टाळी वाजवली. पोरीला आडवी टाकायला मागची सगळी सीट लागणार होती, आणि तिच्यापाशी कुणीतरी जाणतं बसायला हवं होतं. ते काम काकूंचं. नवरा तिच्या पायाशी खाली मावणार होता. मला स्कूटरपलीकडे काही येत नाही. काकूंनी दादांकडे पाहिलं. दादा तोवर उतरून गाडीला धरून उभे होते.

"मी पुढं बसतो," दादा म्हणाले.

"अहो, तुमची कंबर..."

"वच्छला, तिच्याकडं पाह्य. माह्या कमरेकडं काय पाह्यतं?"

त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, उशी आणि वाकळ ओढून माझ्या अंगावर फेकली आणि वाकत वाकत आत शिरले. सीट काकूंच्या मापानं पुढे ओढलेली, दादांचे गुडघे स्टेअरिंगला टेकले. सवयीनं त्यांनी सीटखाली दांडी चाचपली. दांडी नव्हती. हात बाजूला गेला, तिथे दाराच्या बाजूला कसलीशी बटणं होती. घर्र आवाज झाला आणि सीट आपोआप मागे सरकली. दादांनी हात तसाच ठेवला. पाठ सरळ झाली. मग कमरेच्या खळग्यात काहीतरी हळूहळू फुगत वर आलं आणि टेकलं, कुणीतरी मागून तळहात धरावा तसं. दादांनी माझ्याकडे मान वळवली.

"हे काय हाये बे, अनिल?"

"सीट आहे दादा."

"मंग मांगं काय होतं? अख्खा उन्हाळा मले डिक्कीत बसवलं का तुमी?"

"अहो, चाला ना!" मागून काकू ओरडल्या. "पोरगी राहीन का थांबून तुमच्यासाठी?"

दादांनी गाडी काढली. मी त्या रस्त्यानं कितीदा गेलो असेन, पण तसा तो रस्ता मी पाहिलेला नाही. वेग होता आणि धक्का नव्हता. कुठला खड्डा डावीकडून घ्यायचा, कुठल्या पुलाआधी पाय सोडायचा, सगळं त्यांना पाठ, आणि त्यांचा उजवा हात स्टेअरिंगवर असा ठेवलेला, जसा शिक्षकांचा हात हुशार मुलाच्या डोक्यावर असतो. काकू मागे पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बडबडत होत्या. "हं, श्वास घे माय. तुहं नाव काय? पूजा? पूजे, हे डायवर पाह्य, याच्या एसटीत एकदा एका बाईले मुलगा झाला होता आन् एसटीतल्या कोनाची झोपमोड झाली नाई." दादा आरशातून म्हणाले, "मुलगी झाली होती." पोरगी त्या कळांमध्येही हसली.

मारेगावच्या सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. अर्ध्या तासानं मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो नवरा रडत रडत बाहेर आला आणि गाडीच्या खिडकीशी जाऊन त्यानं हात जोडले. ती गाडी पाहून त्याच्या तोंडी पुन्हा तेच आलं.

"डॉक्टरसाहेब, तुमची फी..."

"डॉक्टर नाई गा मी," दादा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "डायवर हाये."

दादा अजून गाडीतून उतरले नव्हते. काकू दवाखान्याच्या नळावर हात धुऊन, ओला पदर झटकत आल्या आणि खिडकीशी थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पांढरा पडला नव्हता. उलट गावात पहिली बस नेताना असावा तसा फुललेला होता.

"उतरा ना आता. लेक वाट पाहून राह्यली."

"थांब जराशी," दादा म्हणाले. "बसू दे."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं. मग माझ्याकडे वळून त्या खेकसल्या, "पाह्यतं काय? त्या नागपूरवाल्याले फोन लाव, मनाव गाडी इकाची नाई!"

त्या दिवसापासून काकूंनी स्टेअरिंगला हात लावला नाही. लायसन देवघरात ठेवलं, देवाच्या फोटोमागे. मेसला रविवारची सुट्टी सुरू झाली. पोरांनी आरडाओरडा केला, तर काकू म्हणाल्या, "सहा दिवस मी तुमची, एक दिवस त्या डायवरची."

त्यानंतरच्याच हिवाळ्यात, तूर फुलावर असताना, काकू दोन दिवसांच्या तापानं गेल्या. पण मला त्या आठवतात त्या आदल्या महिन्यातल्या. एका रविवारी काही कामानं गेलेलो मी एसटीनं राळेगावहून परत येत होतो. भर दुपारी रस्त्यात बस थांबली. बाहेर पाहतो तर लिंबाच्या सावलीत काळी गाडी. आमच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून दादांना भेटायला गेलेला, आणि दादा बोनेटला टेकून, पायावर पाय टाकून, त्याला कुठल्याशा घाटातलं वळण हातवारे करून समजावत होते. बसमधले लोक कुरकुरत होते. काकू मागच्या सीटवर, दार उघडं टाकून, बूट काढून, पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. राणीनं कधी इतक्या मजेत शेंगा खाल्ल्या नसतील.

मी खिडकीतून हाक मारली, "काकू! कुठं निघालात?"

त्यांनी मान वर केली, मला ओळखून हसल्या आणि हातातली शेंग दादांकडे रोखली.

"मले काय माहीत? डायवरले इचार!"